लाल कापडातली यादी

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही — बायकोपुढेही नाही. तुमच्यापुढे काढतो, कारण तुम्ही मला नमस्कार करायला येणार नाही.

पनवेलच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचो. निवृत्त झालो आणि आमच्या उमेदवाराची भाषणं लिहायला लागलो. आणि काय लिहायचो! साहेब बोलायला यथातथाच, पण माझं वाक्य त्यांच्या तोंडी आलं की सभा ताठ बसायची. मागे उभं राहून ऐकताना माझी छाती फुगायची. खोटं कशाला बोलू — अजूनही फुगते.

नेऱ्याकडच्या एका गावात सभा होती. तिथली बरीच घरं गरजेपोटी बांधलेली. कुटुंब वाढलं, वर खोली चढवली. परवानगीचा कागद कुणाकडे असणार? मी नेमकं तिथेच बोट ठेवलं. 'समोरचे निवडून आले तर तुमच्या दारात बुलडोझर येईल. ही बघा यादी!' यादी कुठली? साहेबांनी उंच धरलं ते लाल कापडात बांधलेलं माझ्या वर्गाचं जुनं हजेरीपत्रक होतं. कल्पना माझीच. सभा चिडीचूप झाली — इतकी शांतता मला एकाही वर्गाने दिली नव्हती.

सभा संपल्यावर गावातल्या हिरामावशी माझ्याकडे आल्या. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी.

"मास्तर, माजं घर हाय का वो यादीत? तुमी सांगा. तुमी खोटं नाय बोलनार."

मावशी, यादीच नाही — एवढंच म्हणायचं होतं. जड होतं का? पण साहेब दोन पावलांवर उभे. आणि इतकं जमलेलं वाक्य मी माझ्याच तोंडाने मोडायचं?

"वरची खोली जरा डोळ्यांवर येते," मी म्हणालो.

आठवड्यात मावशींनी ती पाडली. मुलाने लग्नाआधी हौसेनं बांधलेली खोली. तो बायकोला घेऊन कामोठ्याला भाड्याने राहायला गेला, तो आईशी अजून बोलत नाही. आम्ही निवडून आलो. बुलडोझर कुणाच्याच दारात आला नाही — येणार कुठून?

मावशी मात्र गावभर सांगतात, मास्तरांमुळे घर वाचलं. दर हिवाळ्यात पोपटीच्या मडक्यात भाजायला वालाच्या शेंगा आणतात, कठडा धरत धरत जिना चढून. मी पिशवी घेतो. परवा माझ्या शेजाऱ्यांना म्हणाल्या, "मास्तरांचा शबूद म्हंजे शबूद."

मी मान ताठ ठेवून ऐकलं. बरं वाटलं.