आपल्या वाट्याचा गुलाल

करंजाड्याच्या सत्यवतीच्या नवऱ्यानं हयातभर बैलगाड्यांच्या शर्यती मारल्या. पण मैदानात बायकांचं काय काम, म्हणून तिच्या वाट्याला आलं ते फक्त जिंकून आलेल्या बैलांच्या अंगावरचा गुलाल धुणं. परवा तळोज्याला विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतीत नात दिपिका उतरली, तेव्हा मात्र म्हातारी सगळ्यांत पुढे कठड्याला चिकटली.

"आवाज नाय, धूर नाय! मेली का काय गाडी?" म्हणेपर्यंत दिपिका समोरून सुळकन गेली! मग सत्यवतीला जो चेव चढला! त्या बिनआवाजी शर्यतीत तिची आरोळी थेट दिपिकाच्या हेल्मेटात घुसली.

दिपिका पहिली आली अन् तिनं आजीला उचलून गरगरा फिरवलं, गुलालानं पार माखून टाकलं.

घरी सून तोंड धुवायला पाणी घेऊन आली.

"ने ते पाणी," सत्यवती म्हणाली. "हा माजा गुलाल हाय. धुवायचा नाय."