कोरड्या कळ्या

वसईजवळच्या निर्मळ गावातल्या कार्मिनच्या वाडीत मोगऱ्याची तीनशे झाडं होती आणि १९९८च्या मे महिन्यात ती उपटायचं जवळजवळ ठरलं होतं. दादरच्या बाजारात दक्षिणेचा मोगरा येऊ लागल्यापासून वसईच्या कळ्यांना कोणी विचारीना. नवरा व्हिन्सेंट म्हणाला, पावसाच्या तोंडावर तिथे केळी लावू. कार्मिनने महिनाभराची मुदत मागून घेतली.

तिला आशा होती ती विरारच्या सुनंदाबाईंची. साबणाच्या कारखान्यात वीस वर्षं वास जुळवण्याचं काम करून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. आता राहत्या फ्लॅटच्या एका खोलीत त्या स्वतःचं अत्तर करत होत्या. पांढऱ्या फुलांचं, मुख्य मोगरा, जोडीला जरासा अनंत आणि निशिगंध. काचेच्या ताटावर बिनवासाच्या तुपाचा पातळ थर द्यायचा आणि त्यावर कळ्या मांडायच्या. संध्याकाळी त्या उमलल्या की वास तुपात उतरतो.

दोन खेपा वाया गेल्या.

"कार्मिनबाई, याही वेळी ताट आंबलं," सुनंदाबाई म्हणाल्या. "वरून कळ्या कोरड्या, चांगल्या दिसतात. काय बिघडतंय तेच कळत नाही."

"दुपारी खुडल्या, चारच्या बसने आणल्या मॅडम. याहून ताज्या कुठून आणू?"

"एकदा आणखी बघू. नाही जमलं तर मला तयार अर्क मागवावा लागेल."

घरी व्हिन्सेंटने तोंडाकडे बघूनच ओळखलं. "तुझ्या मॅडमना सर्दी झाली असेल."

"तू गप्प बस. मुदत अजून संपली नाही."

मे महिना मारियामातेचा. रोज संध्याकाळी गावाच्या क्रूसापाशी रोझरी होई आणि मातेच्या पुतळ्याला हार घालायची त्या दिवशी कार्मिनची पाळी होती. हा हार कोरड्या कळ्यांचाच लागे. ओल्या फुलांचं पाणी ओघळून पुतळ्याचा निळा रंग उडाल्यापासून तो दंडकच पडला होता. बाकीच्या कळ्या तिने नेहमीसारख्या टोपलीसकट विहिरीवरच्या बादलीत बुडवल्या, निथळल्या आणि रोझरीनंतर बायकांना वाटायला बरोबर घेतल्या. बाजारासाठी खुडलेली कळी पाण्यातून काढायची, हे ती सासूकडून पंचवीस वर्षांपूर्वी शिकली होती.

रोझरीच्या पाच रहस्यांपैकी तिसऱ्याची प्रार्थना चालू असताना हार उमलू लागला. वास मागच्या रांगेपर्यंत गेला. कार्मिनने मान खाली घालून पायाशी ठेवलेल्या टोपलीतली मूठभर फुलं नाकाशी नेली. वास होता, पण त्याच्या तळाशी काहीतरी आंबूस होतं. तिने एक कळी सोलली. बाहेरच्या पाकळ्या सुकल्या होत्या. आत थेंब होता.

शेजारी गुडघे टेकलेली ग्रेसी कुजबुजली, "प्रार्थना चाललीय, बाय. फुलं काय सोलतेस?"

"चूक सापडली," कार्मिन म्हणाली आणि पुढची 'नमो मरिया' जरा मोठ्यानेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने उन्हं कलायच्या आधी कळ्या खुडल्या, पाण्याजवळ नेल्या नाहीत, सुती फडक्यावर एकेरी पसरून परातीत नेल्या. बसमध्ये ती परात मांडीवर सांभाळत असताना कंडक्टरने तिला दोनदा टोकलं. सुनंदाबाईंना तिने सगळं सांगितलं; आपण पाण्यातून काढत होतो, हेसुद्धा. त्या रागावल्या नाहीत.

"मीही विचारायला हवं होतं. मी वाडी कधी पाहिलीच नाही," त्या म्हणाल्या.

दहा दिवस ती रोज गेली. अकराव्या दिवशी व्हिन्सेंटलाही बरोबर नेलं. तूप मद्यार्कात धुऊन काढलेला वास सुनंदाबाईंनी कागदाच्या पट्टीवर टिपला आणि पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने ती हुंगली, जरा लांब धरली, पुन्हा हुंगली.

"हा आपल्याच वाडीचा?" त्याने विचारलं.

"मग कोणाचा?"

"मोसम संपेपर्यंत रोज हव्यात," सुनंदाबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी दुप्पट."

परतीच्या बसमध्ये आगाशी गेल्यावर व्हिन्सेंट म्हणाला, "केळी विहिरीमागच्या पट्ट्यात लावतो. तिथे ऊनही चांगलं येतं."

कार्मिनने मान हलवली. उद्या दुपारी खुडायला ग्रेसीलाही बोलवावं लागणार, याचा ती विचार करत होती.