भाऊसाहेबांच्या मांडीवरची गोधडी

कपडे आपोआप पेटले तर ती भानामती नव्हे, फॉस्फरस. आणि अंगात येणं म्हणजे सुनेला घरात मिळणारी एकमेव सुट्टी — अंबाजोगाईत रसायनशास्त्र शिकवताना मी आयुष्यभर हेच सांगत आले. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते हसायला. आता माझाच लिहायला बसले आहे, याचा मला राग आहे... पण खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तो पुढे येईल.

आमची एक छोटी संस्था आहे. परदेशात युद्ध चालू आहे. तिथल्या निर्वासितांच्या छावणीतली मुलं जी चित्रं काढतात, त्यांचे फोटो आमच्याकडे येतात. युसूफ वडगावच्या बाया ती चित्रं कापडाच्या तुकड्यांनी लहान गोधड्यांवर उतरवतात. आधी त्यांचं प्रदर्शन, म्हणजे लोक थांबून पाहतील, युद्धाबद्दल दोन शब्द बोलतील. मग ज्या मुलाचं चित्र, त्याच्याकडे ती गोधडी. एका मुलीनं घराहून मोठी मांजर काढली होती. ती त्या बायांमधल्या कौसाबाईंनी शिवली. शेपटीला कापड पुरेना, तेव्हा स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचा काठ लावला.

गेल्या हिवाळ्यात मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात प्रदर्शन भरलं. भर दुपार, वीज गेलेली, पंखे बंद. दुसऱ्या दिवशी पार्सल निघणार होतं. छावणीत बर्फ पडायला लागलं होतं. उद्घाटनाला आमच्या भागातले पुढारी, भाऊसाहेब. दारातला त्यांचा फ्लेक्स इतका मोठा, की युद्ध त्यांनीच जाहीर केलंय असं वाटावं.

सत्काराच्या वेळी कळलं — शाली आणायच्या राहिल्या. नारळ होता, शाल नव्हती. स्टेजवर अशी अवकळा पसरली, जणू कुणी गेलंय. तेवढ्यात आमचे अध्यक्ष उठले. निवृत्त प्राचार्य, सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी भिंतीवरची मांजरीची गोधडी काढली आणि भाऊसाहेबांच्या खांद्यावर घातली. टाळ्या.

मी संस्थेची चिटणीस, शेजारच्याच खुर्चीत. म्हटलं, "सर, ती मुलीची आहे."

"फोटोपुरती हो मॅडम."

भाऊसाहेबांनी मांजर न्याहाळली. "लई झकास. दिवाणखान्यात लावावी म्हणतो."

"लावा की साहेब, तुमचीच हाय," सर म्हणाले. आणि त्याच दमात बॅटरीच्या माइकवर जाहीर केलं, की बाकीच्या गोधड्याही आता न पाठवता भाऊसाहेबांच्या नावानं कलादालन काढून तिथं कायमच्या ठेवू.

मागे कौसाबाई उभ्या राहिल्या. "अवं सर, लेकरं गारठ्यात हायती तिकडं. कावून ठिवायलाव?"

"मावशी, बसा. कलेची कदर व्हायला पाहिजे की नाही?"

"कदर करा. गोधड्या द्या."

लोक हसले. सर पाहुण्यांच्या परिचयाकडे वळले. भाऊसाहेबांनी, शालीची घालतात तशी, गोधडीची घडी घालून मांडीवर ठेवली. परिचय जन्मापासून सुरू झाला.

भाऊसाहेब भाषणाला उभे राहिले, तेव्हा पांढऱ्या पँटीवर समोरून हा एवढा ओला डाग.

संशय कुणावर गेला ते सांगायला नको. पुढच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, "साहेबाचं वय झालं बे." पण खुर्ची कोरडी होती. मी हातानं चाचपून पाहिली. त्याबद्दल माझा कुणी सत्कार केला नाही. ओली होती गोधडी, पार आतल्या थरापर्यंत. आणि कोमट... आत्ताच कुणीतरी तिच्यातून उठून गेल्यासारखी. पाण्याच्या बाटल्या सीलबंद, वर स्लॅब, आणि हॉलमध्ये एकही लहान मूल नाही. वास म्हणाल, तर शिळ्या लघवीला अमोनियाचा दर्प असतो. हा तसा नव्हता. ताजा होता. जिनं पोर वाढवलंय तिला लगेच कळणारा.

कौसाबाई स्टेजवर आल्या, गोधडी नाकाशी धरली. "लेकराची शू हाय," एवढंच म्हणाल्या. मग भिंतीकडे वळल्या, आणि वडगावच्या सगळ्या बाया एकेक गोधडी उतरवू लागल्या.

"अहो मावशी, प्रदर्शन चालू आहे," सर म्हणाले.

"चालू द्या की. नारळ हाय ना तुमच्याकडं."

भाऊसाहेब पुष्पगुच्छ पुढे धरून गाडीत जाऊन बसले. शांततेवरचं भाषण राहिलं.

मागच्या नळावर मी पाणी ओतत होते, कौसाबाई गोधडी चोळत होत्या. मी विचारलं, "हे झालं कसं?"

"लेकरू निजलं, भिजिवली. त्यात कसं काय?"

"पण कुठलं लेकरू?"

त्यांनी पिळायला गोधडीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

सर आता सांगतात, पंख्यातून पाणी गळलं. बंद पंख्यातून, कोमट, फक्त एका मांडीवर. मी माझ्या परीनं सगळ्या शक्यता तपासल्या. एकही टिकली नाही. मला याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. पण बर्फात कुडकुडणाऱ्या मुलीचं पांघरूण घामाघूम झालेल्या माणसाच्या खांद्यावर घालतात आणि भरलेला हॉल टाळ्या वाजवतो, त्याचं स्पष्टीकरण मला आजवर कुणी विचारलेलंसुद्धा नाही. तो आपल्याकडे नेहमीचा कार्यक्रम असतो.

दुसऱ्या दिवशी पार्सल भरताना कौसाबाईंनी ती गोधडी माझ्या हातात दिली. उन्हात खडखडीत वाळली होती.

"ही समद्यात वर ठिवा बाई. खोकं उघडलं की आदी तिला घावली पायजे."

"का?"

"काल तिच्या अंगावरली वली गोधडी काढून घेतली न्हवं आपण. रातभर उघडी असंल ती."

मी वर ठेवली.