शिवरात्रीचा मोहोर

दर महाशिवरात्रीला शेजारच्या काकू पूजेसाठी आमच्या आंब्याचा मोहोर न्यायला येतात. यंदा दिवाळीतही उन्हाळ्यासारखा उकाडा होता, आणि झाड तेव्हाच फुललं. मी कौतुकाने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. पुढे अवकाळी पावसात मोहोर झडला. मी तो झाडून कचऱ्यात टाकला.

आज काकू तबक घेऊन आल्या, तेव्हा झाडावर नुसती पानं. मला ओशाळल्यासारखं झालं. काकूंनी खोडावरून हात फिरवला.

"त्याला बोल लावू नकोस गं. हवाच अशी, ते तरी काय करणार?" मग कपाळ पुसत म्हणाल्या, "माघात कधी असा गरम वारा सुटतो का?"

फक्त खालच्या फांदीची पानं हलत होती. तो वारा आमच्या एसीच्या, बाहेर भिंतीवर बसवलेल्या डब्यातून येत होता.

"हो ना, काकू," मी म्हणाले.