गैरहजर शब्द

माझी आत्या जर्मनमधून भाषांतरं करते, आणि तिच्याशी वाद घालायचा तर पोटभर जेवून यावं लागतं. औषधाच्या खोक्यातलं घडी घातलेलं माहितीपत्रक असो की गिरणीच्या यंत्राचं पुस्तक, तिच्या हातून गेलेल्या कागदात कोणी चूक काढून दाखवली तर मी तिची भाची म्हणवून घेणं सोडीन, अशी पैज मी चारचौघांत लावत असे. गेल्या वर्षीपर्यंत.

आमच्या शहरातला वाद्यवृंद पन्नास वर्षांपूर्वी एका जर्मन संगीतकाराने उभा केला. तो कधीच वारला. त्याची पत्रं, सूचना, वादकांना लिहिलेल्या रागावलेल्या चिठ्ठ्या, सगळं गेली एकतीस वर्षं आत्याच्या टेबलावरून जातं. तिथले लोक तिला डिक्शनरीबाई म्हणतात. तिला ते आवडत नाही असं ती म्हणते, पण फोन उचलल्यावर समोरून कोणी तसं म्हटलं की तिचा आवाज दोन इंच उंच होतो.

तिचं ऑफिस म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मी, टंकलेखन करायला, फोन घ्यायला आणि बोलणी खायला. आत ती, चिकटपट्टीने पाठ बांधलेला शब्दकोश आणि खिडकीत ठेवलेली चहाची किटली. काम पूर्ण झालं की आमच्याकडे हजेरी होते. आत्या मूळ कागदावर पट्टी ठेवून एकेक जर्मन शब्द वाचते आणि त्याचा अर्थ सांगते. मी भाषांतरावर पेन्सिल धरून तो अर्थ शोधते, सापडला की खूण करते आणि म्हणते, "हजर." मला जर्मनचा ओ की ठो कळत नाही. आत्याच्या मते म्हणूनच मी या कामाला लायक आहे. ज्याला येतं तो मनातल्या मनात भर घालून मोकळा होतो. सही-शिक्क्याचा कागद हजेरीशिवाय जिना उतरत नाही, हा तिचाच नियम.

पन्नास वर्षांची स्मरणिका निघायची होती. त्यात संस्थापकाचं एक जुनं पत्र पूर्ण छापायचं ठरलं. त्या पत्रातलं एक वाक्य शहरात सगळ्यांना पाठ आहे, कारण ते तालमीच्या दालनात पितळी फलकावर कोरलेलं आहे: 'माझ्या वादकांकडून मला एकच गोष्ट हवी, निष्ठा.' भाषांतर अर्थातच आत्याचं. हजेरी घेता घेता आम्ही त्या वाक्यापाशी आलो, तर आत्या म्हणाली, "हे झालेलं आहे. पुढे चल."

"हजेरी म्हणजे हजेरी," मी म्हटलं. मला नुसती तिची फिरकी घ्यायची होती. हे मी आजही स्वतःला सांगते.

तिने पट्टी ठेवली. माझ्या, हजर. वादकांकडून, हजर. एकच, हजर. मग पट्टी थांबली. "आयगनविलिगे," ती म्हणाली, पण अर्थ सांगितला नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे... स्वतःच्या मर्जीने चालणारी. जराशी हेकट."

मी वाक्य दोनदा वाचलं. "गैरहजर," मी म्हटलं.

"ट्रॉये. निष्ठा," ती म्हणाली. ती हजर होती. तेवढीच हजर होती.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. ते या वाद्यवृंदात चेलो वाजवत. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून वाजवायचा. चोवीस वर्षांपूर्वी एका मैफलीत एका संथ भागात त्यांना एकट्याने वाजवायचं होतं. संचालकांनी (कंडक्टर म्हटलं की लोक सुटे पैसे काढतात, म्हणून संचालक) तालमीत ठरवून दिलं होतं त्यापेक्षा बाबांनी तो भाग सावकाश वाजवला, आणि संचालकांचा हात खाली आला तरी शेवटचा स्वर सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तालमीच्या दालनात साठ जणांसमोर संचालकांनी त्यांना फलकापुढे उभं केलं. "मोठ्याने वाचा," म्हणाले. बाबांनी वाचलं. "यात तुमची मर्जी कुठे लिहिली आहे?" बाबांना काही सापडलं नाही. सापडणार कुठून? महिनाभरात त्यांची जागा गेली. तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला आठवतात ते बाबा वाद्यं दुरुस्त करणारेच. दुसऱ्यांच्या व्हायोलिनना ते तारा लावतात, सूर जुळतात का हे बघण्यापुरतं दोन स्वर वाजवतात आणि वाद्य पेटीत ठेवतात. स्वतःचा चेलो त्यांनी विकला. आमच्या घरात यावर कोणी बोलत नाही. आई एकदाच म्हणाली होती, "त्यांनाच वाटतं की त्यांचं चुकलं. आपण काय बोलणार?"

हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं तेव्हा पेन्सिल माझ्या हातातच होती. मी विचारलं, "आत्या, हा शब्द चुकून राहिला ना?"

ती हो म्हणाली असती तर मी मान्य केलं असतं. तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"चुकून नाही. फलक लागायच्या आदल्या दिवशी तेव्हाचे व्यवस्थापक म्हणाले, 'ही हेकट-बिकट भानगड काढा. वादकांच्या हातात आयतं कोलीत मिळेल.' मी अठ्ठावीस वर्षांची होते गं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. काढला शब्द."

"आणि बाबांनी विचारलं तेव्हा?"

कारण बाबांनी विचारलं होतं, हे आईने त्या एकदाच्याच बोलण्यात सांगितलं होतं. जागा गेली त्या आठवड्यात ते आत्याकडे गेले होते. मूळ कागदात खरंच असंच आहे का, एवढंच त्यांना हवं होतं.

"असंच आहे, म्हणाले," आत्या म्हणाली. "खरं बोलले असते तर माझं काम गेलं असतं. वाटलं, तो चांगला वाजवतो, त्याला दुसरीकडे जागा मिळेल. मला दुसरीकडे कोण विचारणार? आणि... मलाही वाटलं होतं की त्याने जरा ऐकायला हवं होतं."

मला इतका राग आला की हातातली पेन्सिल टेबलावर ठेवायलाही जमेना. एकतीस वर्षं ही बाई माझ्यासारख्यांना स्वल्पविरामावरून फाडून खात होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी तसं तोंडावर म्हटलं. ती ऐकून घेत राहिली, आणि आत्या ऐकून घेते हे पाहून मला भीतीच वाटली.

पुढचे आठ दिवस आम्ही कामापुरतं बोललो. काम तर करायलाच हवं होतं, आणि तो शब्द काही केल्या बसेना. "हट्टी निष्ठा," मी म्हटलं. मग मीच म्हटलं की हे माहेरी न जाणाऱ्या बायकोचं वर्णन वाटतं. स्वतंत्र निष्ठा हे सरकारी परिपत्रकासारखं. स्वच्छंद म्हटलं की फुलपाखरू उडतं. आत्या एकेक शब्द लिहायची आणि एका रेघेने खोडायची, खालचा शब्द वाचता येईल इतपत.

"त्याला म्हणायचंय की माझं ऐका," ती म्हणाली, "पण माझे नोकर होऊन नाही. संगीताशी इमान ठेवा, पण कान स्वतःचे वापरा. त्या शब्दात हेकटपणा आहे, आणि बोलणारा त्या हेकटपणावर खूश आहे. हे दोन शब्दांत कसं आणू?"

मधेच आताच्या व्यवस्थापकांचा फोन आला. पान अडलं होतं. आत्याने फोन स्पीकरवर टाकला, बहुधा मी ऐकावं म्हणून.

"बाई, फलकावरचं वाक्य तसंच घ्या ना. त्यात विचार कसला?"

"फलक चुकलाय."

"चुकलाय? कोणी चुकवला?"

"मी."

मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, झाकली मूठ राहू द्या. इतक्या वर्षांनी स्वतःच्या तोंडाला स्वतःच काळं कशाला फासता?"

आत्याने शुक्रवारपर्यंत मुदत मागितली आणि फोन ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "छापून आल्यावर तुझ्या बाबाला कळायला नको. तू चल माझ्याबरोबर."

"मी कशाला?"

"एकटी गेले तर जिन्यातून परत येईन."

बाबांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर खिळ्यांना व्हायोलिनं, सरसाचा वास, आणि खिडकीखाली कामाचं टेबल. बाबा एका व्हायोलिनची भेग सांधत होते. "आज दोघी? कोणी गेलं का?" त्यांनी विचारलं. हा त्यांचा विनोद होता. आम्ही हसलो नाही.

आत्याने पत्राची प्रत टेबलावर ठेवली, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. एका दमात, कुठेही न सजवता. व्यवस्थापकांचं बोलणं सांगितलं. बाबा विचारायला आले होते तो दिवसही सांगितला. स्वतःला काय वाटलं होतं तेही गाळलं नाही. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मनातल्या मनात एकेक गोष्टीवर खूण करत होते. एकही गैरहजर नव्हती.

बाबांनी भेगेवर लावलेला चिमटा हळूच घट्ट केला. मला वाटलं ओरडतील. ओरडावं असंही वाटलं.

"म्हणजे त्याने मर्जी लिहिली होती," ते म्हणाले.

"हो."

"मी साठ लोकांसमोर वाचलं, ताई. मोठ्याने वाचलं. शोधत होतो त्यात."

आत्या स्टुलावर बसली. "मी क्षमा मागणार नाही," ती म्हणाली. "क्षमा करही म्हणणार नाही. स्मरणिकेत शब्द घालणार आहे आणि खाली लिहिणार आहे की आधी मी गाळला होता. फक्त शब्द सापडत नाही. तुझं सगळं गेलं त्यावरून, म्हणून तूच सांग काय लिहू."

बाबांनी हात पुसले. फडकं दोनदा घडी केलं, पुन्हा उलगडलं.

"त्या मैफलीला तू आली होतीस?"

"आले होते. तिसऱ्या रांगेत होते."

"मग?"

"मग काय?"

"ऐकलंस ना? कसं होतं?"

चोवीस वर्षांत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. संचालक बोलले, फलक बोलला, घरचे गप्प बसले. वाजवणं कसं झालं याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. मी मुलगी असून कधी विचारलं नव्हतं.

"तू सावकाश घेतलंस तेव्हा मी घाबरले," आत्या म्हणाली. "वाटलं, चुकतोय हा. आणि मग तू तो शेवटचा स्वर धरून ठेवलास. त्यांचा हात खाली आला, तू सोडला नाहीस. माझ्या शेजारच्या बाईने माझा हात धरला, ओळख ना पाळख. कोणी खोकलं नाही, कोणी हललं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं रे. इतकं सुंदर मी त्या सभागृहात पुन्हा कधी ऐकलं नाही."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर आम्हा तिघांनाही सोपं गेलं असतं.

"हे तेव्हा बोलली असतीस ना ताई," ते म्हणाले, "तर कागदात काय लिहिलंय हे विचारायला मी आलोच नसतो."