कोपऱ्यातलं तांबं

आमच्या सासरी रब्बीची पेरणी विहिरीच्या कोपऱ्यातून सुरू व्हायची. घरात नवी सून आली असेल तर तिफणीचे पहिले पाच फेरे तिचे; एरवी तेवढा तुकडा मोकळाच सोडत. तिफणीमागं चालायचं आणि मुठीतलं बी थोडं थोडं तिच्यावरच्या चाड्यात सोडत जायचं. बाकीचं शेत मग गडी पेरत. मी निजामाच्या राजवटीत, परतूरजवळच्या त्या गावात लग्न होऊन आले. माहेरी, अंबडकडे, माझा हात गुणाचा म्हणून शेजारचेसुद्धा मला पेरायला बोलवत. त्यामुळे पहिल्या वर्षी मी जरा तोऱ्यातच मूठ धरली.

ज्वारी उगवली बरोबर. पण तीन आठवड्यांत माझे पाचही फेरे पिवळे पडले. पलीकडची गड्यांची ज्वारी हिरवीगार, गुडघ्याला लागलेली. माझी वीतभर उंचीवर खुंटून बसली.

पाणवठ्यावर बायका बोलू लागल्या. सासूबाई मात्र रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एकेकीचा हात न्हाई लागत, बाई. आता बियाला हात लावू नको."

त्या शांत आवाजानं माझं डोकं जास्त फिरलं. मला कुणी आळशी म्हणावं, तोंडाळ म्हणावं, ते खरंच होतं. पण माझ्या हाताला नावं ठेवलेली मला सोसवेना. मी तशीच शेतात गेले आणि एक पिवळं रोप मुळासकट उपटलं. शेजारचं एक हिरवंही उपटलं. हिरव्याची मुळं लांब, पांढरी, केसासारखी बारीक फाटे फुटलेली. पिवळ्याची आखूड, जाड, काळपट. खाली जायला निघाली आणि जागच्या जागी थांबली, अशी. पाणी तेच, ऊन तेच, बीही एकाच कणगीतलं. मग या मुळांना मातीत असं काय भेटलं? मी बांधावर बसून कितीतरी वेळ ती मुळंच बघत राहिले.

मग ती माती बोटांनी चिवडली. तिच्यात काळ्या टिकल्या होत्या, काहींवर हिरवा गंज. तसला हिरवा रंग मी रोज देवाच्या ताम्हनावर बघत होते. एक टिकली घरी आणली आणि चिंचेनं घासली. लालबुंद तांबं निघालं!

दर उन्हाळ्यात तांबट येऊन आमच्या लिंबाखाली भट्टी लावत. भांडी ठोकत, कल्हई करत, तेजाबानं धूत. आजेसासऱ्यांपासून त्यांना जागा फुकट होती. त्या बदल्यात भट्टीची राख आणि झाडलोट आमची. राख म्हणजे खत, आणि चांगलं खत चांगल्या जागी पडावं, म्हणून ती सगळी सुनेची पहिली मूठ पडते त्या विहिरीच्या कोपऱ्यात जाई. अगदी श्रद्धेनं.

मी हे सांगितलं, तर सासरे हसले. "तांब्यानं काय व्हतंय? आपुन तांब्यातलंच पाणी पितो की!"

मी वाद घातला नाही. दोन फुटकी मडकी आणली, एकात कोपऱ्यातली माती भरली, दुसऱ्यात पलीकडची. आणि सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, बी तुम्ही टाका. दोन्हीकडं तुमचाच हात."

त्या मागं सरल्या. "मी न्हाई टाकत बी."

"का?"

"सून म्हणून आल्ते तवा माझे बी पाच फेरे पिवळे पडले व्हते. तवापासून न्हाई टाकलं."

इतकी वर्षं त्या पाखडत आल्या, निवडत आल्या, पण पेरणीच्या दिवशी घरातच बसत. मी त्यांचा हात धरून मडक्यावर नेला. त्यांनी दोन्हीकडं बी सोडलं.

दोन्ही मडक्यांत सारखेच कोंब आले. काही दिवस काही फरक नाही. दाण्यातली शिदोरी पुरते तोवर रोपाला मातीची फार गरज नसते, हे मला तेव्हा कळलं. शिदोरी संपली आणि एक रोप पिवळं पडू लागलं. दुसरं सरसर वाढलं. टिकल्यांतून मातीत झिरपलेला, डोळ्यांना धड दिसत नाही एवढा तांब्याचा अंश, आणि ते कोवळं मूळ त्याला ओळखून अडतं! आज म्हातारी झाले तरी त्याचं नवल मला पुरतं उमगलेलं नाही.

सासूबाई रोज सकाळी त्या मडक्यांपाशी बसायच्या. पिवळ्याकडे फारसं बघत नसत. हिरव्या रोपाच्या पानावरून बोट फिरवायच्या.

राख टाकणं बंद झालं, पण कोपरा काही सुधारणार नव्हता. मातीत गेलेलं तांबं कुठं जाणार? पुढच्या वर्षी पेरणी बाभळीच्या बाजूनं सुरू झाली. गड्यानं तिफण धरली आणि मी बियाची ओटी बांधून पुढं झाले.

"थांब जरा," सासूबाई म्हणाल्या. माझ्या ओटीतलं बी त्यांनी आपल्या ओटीत घेतलं, पदर खोचला आणि चाड्यावर मूठ धरली.