ठकूबाईंचा आवाज आणि लेटेस्ट रिव्हिजन

भूत काढायला बोलावलेला मांत्रिकच घर धुऊन नेतो, या कथेचे तीन पाठ मी स्वतः गोळा केलेले आहेत. इंद्रायणीकाठच्या पाठात ते भूत मांत्रिकानेच आधी सोडलेले असते. मावळातल्या पाठात भूत नसतेच. माळ्यावरचे मांजर असते. तिसरा पाठ चाकणच्या पलीकडचा. त्यात मांत्रिक सांगतो, 'घरातले जुनेपाने बाहेर काढा', आणि घरधनी उत्साहाच्या भरात देव्हाऱ्यातले चांदीचे टाकसुद्धा केराबरोबर उकिरड्यावर टाकून येतो. भूत जाते. देवही जातात.

या तिसऱ्या पाठावर मी किती व्याख्याने दिली, आता काय सांगायचे तुम्हांला! आणि चौथा पाठ? तो मी चिंचवडला, स्वतःच्या सदनिकेत, भर सकाळी घडवून आणला. चहा घ्या, निवेल.

आरंभ लाल चौकटीने झाला. 'आपला संगणक धोक्यात आहे', असे पडद्यावर उमटले आणि खाली एक हिरवे बटण : 'मोफत सफाई करा'. ज्याने हयात मांत्रिकांच्या युक्त्यांचे वर्गीकरण करण्यात घालवली, त्याने काय करावे? दाबले. तात्काळ दाबले!

त्या दिवसापासून पडद्यावर रमीचे डाव, केसांची तेले आणि हिंदीतून अभिनंदन करणारी एक बाई वस्तीला आली. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून आल्या.

"अहो, कोण बोलतेय तुमच्या खोलीत?"

"संगणक."

"काय म्हणते?"

"मला मोटार लागली आहे, म्हणते."

"मग तिला सांगा, आपल्या सोसायटीत पार्किंग नाही."

हसू नका. त्याच आठवड्यात बबनरावांचा फोन आला होता. बबनराव हे चाकणजवळच्या एका गावातले, ठकूबाईंचे चिरंजीव. ठकूबाई जात्यावरच्या ओव्या गात. 'बंधूची वाट' ही ओवी मी त्या टापूतल्या अनेक बायकांकडून ध्वनिमुद्रित केली. पण ठकूबाईंसारखी कोणीच गायली नाही. इतर जणी भाऊ बैलगाडीतून येतो म्हणत. या बाईने त्यात आपली एक ओळ घातली :

जात्याच्या घरघरीत कंपनीचा भोंगा वाजं,
बंधू माझा शिफ्टला गेला, दळण कोनासाठी माझं.

त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ही ओळ ऐकताना माझ्या हातातला कप हातातच राहिला होता.

"मास्तर," बबनराव फोनवर म्हणाले, "आईचं वर्षसराद हाय येत्या रविवारी. तिचा आवाज लावायचा म्हंतोय. आमी कंदी भरून ठिवलाच न्हाई बघा. मास्तरांकडं हाय म्हनून निवांत व्हतो."

"निवांतच राहा," मी म्हणालो. "माझ्याकडे जपून आहे."

जपून होतेच. फक्त त्या अभिनंदन करणाऱ्या बाईमुळे संगणक एक फाइल उघडायला चहा होईतो वेळ घेई. म्हणून मी तिसऱ्या मजल्यावरच्या नागरगोजेसाहेबांना बोलावले. मूळचे बीडकडचे, चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागाचे प्रमुख. जे लागत नाही त्याला लाल चिठ्ठी लावून बाहेर काढायचे, ही त्यांच्या कारखान्याची शिस्त. आणि साहेबांनी ती घरी, गच्चीत, सोसायटीच्या गणेशोत्सवातही लागू केलेली. त्यांच्या शिस्तीत गेल्या वर्षी आरतीची एक झांज गेली.

पण भूत त्यांनी खरेच काढले, हे नमूद केले पाहिजे. ते मोफत सफाईवाले सोंग उपटले, ब्राउझरला चिकटलेली बांडगुळे सोडवली, सगळी डिस्क तपासली. बाई गप्प झाली. तिथेच थांबलो असतो, तर चौथा पाठ घडलाच नसता. पण पोह्यांची बशी आली, आणि साहेबांची नजर फोल्डरांवर गेली.

"सर, काय करून ठेवलंय हे? आमच्या शॉपफ्लोअरवर असं दिसलं ना, तर ऑडिटर मला उभा जाळील. आवरू का सगळं?"

"आवरा," मी म्हणालो. मला वाटले, हे नुसते बोलणे आहे, करणे नव्हे!

"ही 'बंधूची वाट' एकाच नावानं किती हाय! एक, दोन, तीन... संपतच नाही की. वेगवेगळ्या हायेत का एकच?"

आता लक्ष द्या. येथे सामान्य माणूस 'वेगवेगळ्या' म्हणाला असता आणि वाचला असता. मी अभ्यासक.

"मूलतः एकच," मी म्हणालो.

"मग ह्यातलं फायनल कुठलं?"

मला वाटले, गृहस्थाला ओवी ऐकायची इच्छा झाली! कारखान्यातल्या माणसाच्या ठायी ही रसिकता! मी सुखावलो.

"सर्वांत शेवटचे घ्या. मी स्वतः परिषदेत, शुद्ध पाठाचा आग्रह धरणाऱ्या विद्वानांपुढे, गाऊन दाखवले होते. आवाज फार स्वच्छ आला आहे."

"म्हणजे लेटेस्ट रिव्हिजन ही."

"तसे म्हणा."

"बास! मिटला विषय."

विषय खरोखरच मिटला. कारखान्यात एखाद्या भागाचे रेखाचित्र सुधारले की जुने तात्काळ काढून घेतात. चुकून कोणी जुन्यावरून माल काढला तर अख्खी खेप परत येते. नागरगोजेसाहेबांनी आपला धर्म निष्ठेने पाळला : शेवटची ठेवून बाकी साऱ्या पुसल्या. माझा धर्म नेमका उलटा. लोकगीताला जुनी आवृत्ती नसते, प्रत्येक बाईची ओवी ही तिचीच असते, एवढ्या एका वाक्यावर मी आयुष्यभर भाकरी खाल्ली. ते वाक्य त्या सकाळी माझ्या तोंडात पोहे असल्यामुळे बाहेर पडले नाही.

दुसरी प्रत नव्हती का, विचाराल. होती ना! पेनड्राइव्हमध्ये.

"व्हायरस आला असंल तर ह्याच्यातूनच," म्हणत साहेबांनी तोही पुसून लख्ख केला. मग संगणकातली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. कारण भंगार साठवणे हेही त्यांच्या लेखी भंगारच. चिंचवड स्टेशनाजवळच्या दुरुस्तीवाल्याने पुढे डिस्क पाहून हात जोडले, हे आत्ताच सांगून टाकतो. उगाच आशा लावून घेऊ नका.

त्या दिवशी मात्र संगणक हरणासारखा पळत होता. मी कृतज्ञतेने साहेबांना माझा ग्रंथ स्वाक्षरी करून दिला. ते कपाटाकडे पाहून म्हणाले, "सर, ह्याच्या पण लय कॉप्या दिसायल्यात."

शनिवारी मी फोल्डर उघडला. आत एकच फाइल : 'बंधूची वाट फायनल'. मी गहिवरलो. बबनरावांच्या फोनविषयी मी साहेबांना सांगितले होते. वाटले, माणसाने ठकूबाईंची ओवी माझ्यासाठी शोधून वेगळी काढून ठेवली! न ऐकता ती बबनरावांना धाडली. ऐकायचे काय त्यात? मला ती पाठ होती.

रविवारी मांडवात सारे भावकीतले लोक. ठकूबाईंच्या फोटोला हार. शेजारी एक मोठा स्पीकर, भाच्याच्या लग्नातला. बबनरावांनी हात जोडून सांगितले, "आता आई बोलंल." बायकांनी पदर डोळ्यांकडे नेले. मला पुढे, फोटोच्या शेजारी, खुर्ची दिली होती.

आणि त्या स्पीकरमधून मी गाऊ लागलो.

दोन ओळी मी गायलो. नाकात, सावकाश, शुद्ध. बैलगाडीवाल्या. मग गाणे थांबवून माझाच आवाज म्हणाला, "येथे श्रोत्यांच्या ध्यानात येईल, की ठकूबाई नामक गायिकेने पुढे भोंग्याची ओळ घुसडून मूळ रचना मोडली आहे. ती ओळ आपण सोडून देऊ."

पुढच्या रांगेत ठकूबाईंची धाकटी बहीण बसली होती, कानाने जरा मंद.

"ह्यो कोन बाप्या?" तिने मोठ्याने विचारले. "ठकी कवा गानार?"

"मावशे, ह्ये मास्तर हायेत," बबनराव म्हणाले.

"मग ठकी कुठंय?"

बबनराव माझ्याकडे वळले. "मास्तर, आईचं म्होरं हाय ना ह्याच्यात?"

मी नाही म्हणालो.

"घरी हाय?"

त्यालाही नाही म्हणालो. स्पीकरमधला मी अजून बोलतच होतो. पाठभेदांवर आलो होतो. बबनरावांनी तो बंद केला. बोलल्या त्यांच्या मंडळी, हातात नैवेद्याचे ताट घेऊन दारात उभ्या राहिलेल्या.

"सराद सासूबाईंचं आन् आवाज मास्तरांचा. मग निवद तरी दुसऱ्याला कशाला? द्या त्यांच्याम्होरंच."

ताट माझ्यापुढे आले. त्यात ठकूबाईंना आवडायची ती गुळाची खीर होती. मी जेवलो.